एक नंबर मोठे बूट

परवा सकाळी पेण स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. आश्विनातलं पिवळं ऊन फलाटावर हळूहळू पसरत होतं, पलीकडच्या शेतांतून निसवलेल्या भाताचा दुधाळ वास येत होता. तेवढ्यात निळ्या टी-शर्टातल्या दहा-बारा मुली चिवचिवाट करत आल्या आणि माझ्या शेजारच्या बाकावर त्यांनी पिशव्या टाकल्या. त्यांतल्या एकीने पाय पुढे करून पोटरीला मलम चोळायला घेतलं. नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा तो झणझणीत वास आला आणि रोह्याची गाडी यायच्या आतच मी रोह्याला जाऊन पोचले. दहा वर्षांमागच्या रोह्याला.

तेव्हा माझी लेक आठवीत होती आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात होती. शाळेचं मैदान मातीचं. मुली अनवाणी खेळायच्या, गुडघे सोलून यायच्या, रात्री पोटऱ्यांना हेच मलम चोळायच्या, आणि त्या खरचटण्याचा त्यांना कोण अभिमान! तालुक्याचे सामने त्या जिंकल्या तेव्हा पेढे वाटले गेले, आणि पाठोपाठ सरांचा निरोप आला. जिल्ह्याचे सामने रोह्याला आहेत, मॅटवर आहेत, बूट लागतील. शिवाय ट्रॅकसूट, प्रवास, रोज दूध आणि अंडी. निरोप लहानसाच होता, पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो पाहुण्यासारखा पाय पसरून बसला.

मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचं काम करते. वर्षातले चार महिने हाताला उसंत नसते, आणि त्या चार महिन्यांवरच वर्षाची घडी बसलेली असते. तिचे बाबा धरमतरला जेट्टीवर, बार्जमधला माल उतरवण्याच्या कामावर. लेकीच्या खेळाची चर्चा आम्ही अशी कधी केलीच नाही. मी मिक्सर घ्यायचं ठरवलं होतं, त्याबद्दल बोलायचंच थांबवलं. आणि एका सकाळी हे सायकल पुसताना दिसले. "डॉक्टर बोलले, व्यायाम करा. रिक्षाने जाऊन पोट सुटलंय." पोट कुठे सुटलं होतं? काठीसारखा माणूस! पण मी म्हटलं, असेल. त्या दिवसापासून हे रोज धरमतरपर्यंत सायकल मारू लागले. पुढे कधीतरी माझं डोकं दुखत होतं म्हणून त्याच डॉक्टरांकडे गेले, तेव्हा कळलं, की हे वर्षभरात तिथे फिरकलेच नव्हते.

बूट घ्यायला मी आणि लेक बाजारात गेलो. दुकानात नव्या रबराचा वास कोंडलेला. तिने बूट घातले, दोन उड्या मारल्या आणि तिचा चेहरा असा उजळला, की दुकानदारही हसला. मी मात्र मन घट्ट करून म्हटलं, "हे बघ, हे शेवटचं वर्ष हं. नववीपासून अभ्यास. खेळ बंद." तिने मान हलवली. मग मी दुकानदाराला म्हटलं, "एक नंबर मोठे द्या." लेकीने चमकून माझ्याकडे पाहिलं. ते मोठे बूट आम्ही टोकाला कापडाचा बोळा घालून बसवले.

सामने नेमके गणपती तोंडावर आले असताना. मूर्ती रांगेने डोळ्यांची वाट पाहत उभ्या, आणि मी मालकांकडे सुट्टी मागायला. त्यांनी कपाळाला हात लावला. "मुलगी खेळणार हाय ना? मग तुझं काय काम तिथं?" खरंच काय काम होतं? पण मी गेले.

गेले ती शेजारच्या भाभींच्या जिवावर. भाभींचे यजमान आखातात नोकरीला, आणि त्यांची मुलगी आमच्याच संघात डाव्या कोपऱ्यावर खेळणारी. मुली सरांबरोबर पुढच्या डब्यात, आम्ही दोघी मागच्या डब्यात. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भाभींनी कासू स्टेशन यायच्या आतच डबा उघडला आणि घावण्याचा तुकडा माझ्या हातात कोंबला. "खा गो. खेळायचंय त्यांना, तू कशाला उपाशी?" मग आम्ही दोघी खूप वर्षांनी सुट्टीवर निघाल्यासारख्या खिडकीला नाक लावून बसलो. माझ्या लक्षात आलं, लग्नानंतर माहेर, बाजार आणि दवाखाना सोडून मी प्रथमच कुठेतरी निघाले होते.

रोह्याच्या त्या मैदानावर मांडव घातला होता, मध्ये निळी-पिवळी मॅट. आमच्या मुलींनी मॅटला आधी हात लावून पाहिला, देवाच्या पायरीला लावतात तसा. सामना सुरू झाला आणि पहिल्या डावात त्या पार गोंधळल्या. पाय घसरत होते, समोरच्या मुली उंचपुऱ्या, सरावलेल्या. पण दुसऱ्या डावात भाभींच्या लेकीने एक पकड अशी केली, की मांडव गरजला. तिथून एकेक गुण वर चढत शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत आले. शेवटची चढाई. आणि चढाईला निघाली माझी लेक.

मी डोळे मिटणार होते. भाभींनी मनगट घट्ट धरलं. "उघडे ठेव. त्यासाठीच आलीस ना?"

पोर आत घुसली, वाकली, कोपऱ्यावरच्या मुलीच्या गुडघ्याला हात लावून वळली, आणि त्याच मुलीने मागून झेप घेऊन तिचा पाय पकडला. दोघी धाडकन पडल्या. मधली रेषा हातभर लांब. "कबड्डी, कबड्डी" हा तिचा घुसमटलेला आवाज माझ्यापर्यंत येत होता. आणि मग माझ्या आतून कुणीतरी ओरडलं, "ओढ! पाय ओढ!" असा आवाज माझ्या गळ्यात आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. तिने पाय ओढला. पाय सुटला, आणि बूट त्या मुलीच्या हातात राहिला! एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशी माझी लेक सरपटत रेषेवर हात टेकवून मोकळी झाली. समोरच्या मुली बूट वर धरून पंचांशी वाद घालू लागल्या. पंच हसू आवरत म्हणाले, "मुलगी धरायची होती, बूट नाय." गुण आमचा.

भाभी माझ्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या. "काय गो, मोठा बूट घेतलास तो बरा केलास!"

पुढच्याच सामन्यात मुली सपाटून हरल्या. पण ते कुणाच्या गावी नव्हतं. परतीच्या गाडीत सरांनी मुलींना आमच्या डब्यात सोडलं. लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? शेवटचं वर्ष होतं, तर बूट मोठे का घेतलेस?"

दुकानात तिने माझ्याकडे तसं का पाहिलं होतं, ते आता कळलं. माझ्या तोंडाने काहीही म्हटलं, तरी माझ्या हाताने पुढच्या वर्षाचे बूट निवडले होते, आणि ते तिने बरोबर ओळखलं होतं. मी तिच्या विस्कटलेल्या केसांतून हात फिरवत राहिले. ती दहावीपर्यंत खेळली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले तेव्हा घसा पुरता बसलेला. संध्याकाळी मालक मी आखलेल्या मूर्तींपुढे थबकले आणि म्हणाले, "आज सगळे गणपती हसतायत गो."

आता लेक अलिबागला नोकरी करते, थंडीत तिचा गुडघा कुरकुरतो. भाभी लेकीसह यजमानांकडे आखातात गेल्या. काळ असा एकेकाला उचलून दुसरीकडे ठेवत राहतो, आणि ठेवलेल्या जागी माणसं नव्याने रुजतातही.

गेल्या महिन्यात आमच्या आळीत नव्याने राहायला आलेली एक तरुण आई दारात उभी राहिली. तिच्या मुलाची खो-खोच्या संघात निवड झाली होती, आणि समोर सगळा खर्च उभा होता. तिने अगदी सरळ विचारलं, "काकी, खरं सांगा. एवढं करून काय मिळतं हो?" मी पदकं आठवून पाहिली, एक आहे, गंजलेलं. दाखले आहेत, त्यांना कसर लागलीय. तिला काय दाखवू? ती उत्तराची वाट पाहत उंबऱ्यावर टेकली.

मी म्हटलं, "सामने कुठं हायत?"

"माणगावला."

"मग नुसता पाठवू नको त्याला. तू पण जा. आणि ओरड."