मेव्हण्याचं मौन

"अरे, पुरा डायलॉगच कापून टाकला का तू?" दत्ताभाऊ खुर्चीतून उठलेच.

दत्ताभाऊ म्हणजे आमच्या सिनेमाचे दिग्दर्शक, मूळचे तीर्थपुरीचे. हिरो त्यांचा सख्खा मेव्हणा. बाप गेल्याची बातमी कळते त्या सीनमध्ये तो चार मिनिटं असा काही रडला होता, की त्याच्यापुढे दाढदुखीचा पेशंटही गप्प बसला असता.

मी जालन्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. हा माझा पहिला सिनेमा. लोकांना वाटतं, एडिटर म्हणजे नुसता कात्रीवाला. तर सांगतो. एकच सीन अनेकदा शूट होतो, त्या प्रत्येक वेळेला टेक म्हणतात. त्यातलं काय ठेवायचं, किती ठेवायचं आणि कशाला काय जोडायचं, ते आम्ही बघतो. मेव्हण्याचे बारा टेक होते. पहिले अकराही सारखेच भयंकर.

बाराव्यात 'ॲक्शन' म्हणायच्या आधीच कॅमेरा सुरू झाला होता. मेव्हणा बांधावर उभा राहून रस्त्याकडे बघत होता. वडीगोद्रीहून निघालेली जेवणाची गाडी अजून पोचली नव्हती. चेहऱ्यावरचं दुःख अगदी खरं होतं. मी तेवढीच वीस सेकंदं ठेवली आणि पुढे बापाच्या रिकाम्या खाटेचा शॉट जोडला.

भाऊंनी बघितलं. डोळे पुसले. "राहू दे मंग."

"भाऊ, स्टेजवर माझं नाव तेवढं घ्या. घरी कुणाला पटतच न्हाई, मी सिनेमा केला म्हणून."

"बिलकुल!"

पुण्याच्या एका महोत्सवात मेव्हण्याला अभिनयाचं बक्षीस मिळालं. भाऊंनी गावाचे आभार मानले, ड्रोनवाल्याचे मानले, जेवणवाल्याचेही मानले. त्याचा हक्कच होता. "ते मौन मी लिहितानाच योजलं होतं," असंही म्हणाले. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तीर्थपुरीच्या मंगल कार्यालयात खेळ ठरला. भाऊंना जोर चढला होता.

"आपल्या लोकायला पुरा पिच्चर दाखवू. काही कापू नको."

"भाऊ, लोक हसतील."

"तू जोड बरं!"

मी चारही मिनिटं जोडली. मेव्हणा रडायला लागला आणि कार्यालय हसायला लागलं. मध्यंतरापर्यंत निम्मे लोक उठून गेले.

भाऊंनी माइक घेतला. "माफ करा मंडळी, एडिटिंगमधी घोळ झाला." आणि माझं नाव घेतलं. आडनावासकट, दोनदा.

आमच्या धंद्यात सिनेमा चालला तर तो दिग्दर्शकाचा असतो, पडला तर एडिटरचा. बायकोला मात्र आता पटलं आहे, की सिनेमा मीच केला.