दर रविवारी दहावीचं गणित

बातमी आली तो मंगळवार होता. तिसरा तास, आठवी ब. मी फळ्यावर कवितेतल्या अवघड शब्दांचे अर्थ लिहीत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, हेडसरांच्या खोलीत तुमच्यासाठी फोन आहे. मी मुलांना म्हटलं, "एवढं उतरवून घ्या, आलेच."

माझे यजमान प्रशिक्षणासाठी अंबाजोगाईला गेले होते. परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसले असताना छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फोनवरच्या माणसानं माझं नाव पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

पर्स वर्गात राहिली होती, म्हणून मी परत गेले. मुलांचे शब्दार्थ उतरवून झाले होते. पुढं काय लिहायचं म्हणून ती माझ्याकडं बघत होती.

माती चौसाळ्याला झाली, सरांच्या गावी. तिथं आणि नंतर परळीच्या घरी माणसं भेटायला येत राहिली. भेटायला आलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही. चहा नको म्हणतो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतो, आणि मग एकदम म्हणतो, "सरांचं एकदा काय झालं सांगू का?" असे किस्से साचत गेले. निम्म्यांच्या वेळी तर मी तिथंच होते. तरी पहिल्यांदा ऐकतेय अशा चेहऱ्यानं ऐकून घेतले. आता भेटायला येणारं कुणी उरलं नाही. किस्से तेवढे उरलेत.

सर म्हणजे माझे यजमान. आम्ही परळीच्या एकाच शाळेत, ते गणिताला आणि मी मराठीला. लग्नाआधीपासून मी त्यांना सर म्हणत होते, नंतर घरातही तेच चालू राहिलं. गावात नेट आलं तेव्हा त्यांना कळलं की जगभरातले मास्तर आपापले धडे, आकृत्या, कोडी नेटवर ठेवतात आणि कुणीही ती फुकट बघू शकतो. फक्त सगळं इंग्रजीत. सरांनी ठरवलं, दहावीचं गणित आपण मराठीतून ठेवायचं. दर रविवारी आम्ही रफीकभाईंच्या सायबर कॅफेत जायचो. सर सांगायचे, मी टाइप करायची. एकेक करत सगळी प्रकरणं नेटवर चढली. वर्तुळाचं तेवढं राहिलं.

रफीकभाई भेटायला आले तेव्हा त्यांनी किस्सा सांगितला नाही. खाली बघत म्हणाले, "मॅडम, सरांनी नेटवरची ती जागा फुकटातली घेतलती. काही महिने कुणी हात लावला न्हाई की कंपनी पानं काढून टाकती." म्हणून मी अजून रविवारी जाते. पानाच्या तळाशी 'शेवटचा बदल' असं लिहून तारीख टाकलेली आहे. मी ती बदलते आणि घरी येते.

*

रफीकभाईंचा आधी एसटीडी बूथ होता. घरोघरी फोन आले, बूथ ओस पडला. मग त्यांनी काचेच्या खोलीतून फोन काढला, कॉम्प्युटर ठेवले आणि दुकान थर्मल वीज केंद्राच्या कॉलनीजवळ नेलं. कारण गावात वीज जायची, कॉलनीत जायची नाही. "वीज आपल्या गावात तयार व्हती मॅडम," ते म्हणायचे, "पर तिची भेट घ्यायची तर कॉलनीत यावं लागतं."

विजेबरोबर तिथं राखही होती. टेबलावर, खुर्चीवर, चहाच्या कपातसुद्धा.

एकदा सरांनी एका परदेशी साईटवरचं गणित सोडवलं. त्यांचं उत्तर आलं पंचेचाळीस. स्क्रीनवरचं उत्तर साडेचार. सरांनी कागदाच्या पाठीवर पुन्हा सोडवलं, परत पंचेचाळीस. तिकडचे लोक चुकणार नाहीत यावर सरांचा फार विश्वास. पण गणितावर त्याहून जास्त. शेवटी त्यांनी त्या साईटला पाठवायच्या इंग्रजी पत्राचा आधी मराठीतून मसुदा सांगायला घेतला. "आदरणीय महोदय, अत्यंत नम्रतेने निदर्शनास आणू इच्छितो की..." मी टाइप करत होते.

तेवढ्यात रफीकभाई फडकं घेऊन आले आणि रोजच्यासारखी स्क्रीन पुसली. दशांश चिन्ह पुसलं गेलं.

रफीकभाईंनी बोटावरची राख दाखवली. म्हणाले, "सर, महोदयांची चूक न्हाई. ही आपल्या थर्मलची हाय."

गोष्ट शाळेत पोचायला वेळ लागला नाही. पुढं वर्गात कधी सरांचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की मागच्या बाकावरून कुणीतरी अदबीनं विचारायचं, "सर, फळा पुसू का?"

*

नेटवर सरांना एक त्रिकोण सापडला. माउसनं त्याचं एक टोक धरून कुठंही ओढायचं. कोन बदलायचे, आकडे बदलायचे, पण तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशीच. सर तासभर ते टोक ओढत बसले. मी शेजारी वह्या तपासत होते.

सोमवारी हेडसरांना दाखवायचा म्हणून त्यांनी त्रिकोणाची प्रिंट काढून घेतली. हेडसरांनी कागद उजेडात धरून बघितला.

"शेटे, यात नवीन काय? असा त्रिकोण पुस्तकात आहे."

"सर, तिकडं तो हलत होता."

हेडसरांनी कागद थोडा हलवून बघितला. "मग शाळेत आल्यावर कावून थांबला?"

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुपारी ते खेळाच्या गित्ते सरांकडून दोरी घेऊन मैदानावर गेले. तीन मुली तीन टोकांना उभ्या केल्या, अ, ब आणि क. क नं दोरी ताणत चालत राहायचं, बाकीच्यांनी लाकडी कोनमापकानं कोन मोजायचे. त्रिकोण हलू लागला. सगळी शाळा खिडक्यांत आली. क चालत चालत मैदान संपवून गेली, तरी थांबेना.

गित्ते सर ओरडले, "क, कुठं चाललीस?"

"पाणी प्यायला, सर."

गित्ते सर तिला परत बोलवायला निघाले, तर सरांनी त्यांना हाताला धरून थांबवलं. "जाऊ द्या. टाकीपर्यंत गेली तरी बेरीज तेवढीच."

*

साईट चालू झाली त्या आठवड्यात चकलांब्याच्या एका शिक्षकांचा फोन आला. गेवराईच्या कॅफेत बसून त्यांनी ती उघडली होती.

"सर, तुमी म्हणले मराठीतनं हाय. इथं तर सगळी टोपीवाली अक्षरं दिसायलीत. फ्रेंच हाय का काय?"

सरांना याची कल्पना होती. नेटवर मराठी अक्षरं आपोआप दिसत नाहीत, आधी फाँट उतरवून घ्यावा लागतो. सर म्हणाले, काळजी करू नका, फाँट कसा उतरवायचा ते पहिल्याच पानावर सविस्तर दिलंय.

"दिलं असंल सर. पर कोणत्या भाषेत दिलंय?"

"मराठीत."

पलीकडचे शिक्षक सभ्य होते. त्यांनी आभार मानले. ती सूचना मीच टाइप केली होती, आणि आम्ही दोघांनी ती नीट तपासलीही होती. एकही चूक निघाली नव्हती.

फोन ठेवून सर माझ्याकडं वळले. "म्हणजे ज्याला ती वाचता येते त्याला तिची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे..." वाक्य पुरं न करता ते हसायला लागले. मीही. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या, तर आम्हाला सांगताच येईना.

हा किस्सा मला कुणी भेटायला आलेल्यानं सांगितला नाही. परळीत तो फक्त आम्हा दोघांना माहीत होता. परवा भाजी निवडताना आठवला. हसू आलं. शेजारच्या काकू आल्या नाहीत.

*

टाइप करताना मी फक्त टाइप करत नसे. मराठीची ना मी! सरांच्या एका प्रमेयात एकाच परिच्छेदात 'बाजू' हा शब्द इतक्या वेळा आला होता की माझ्यानं बघवेना. मी एके ठिकाणी 'बाजू' ठेवलं, दुसरीकडं 'भुजा' केलं, तिसरीकडं 'कड'. वाचायला एकदम छान वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात दहावीतल्या दोघी वर्गात भांडल्या. एक म्हणत होती त्रिकोणाला तीन बाजू, एक भुजा आणि एक कड असते. दुसरी म्हणत होती, भुजा आकृतीत दाखवायची राहिलीय.

घरी आल्यावर सरांनी विचारलं, "हे का केलं?"

मी म्हटलं, "द्विरुक्ती टाळली."

सर रागावले नाहीत. ते कधी रागवायचे नाहीत, नुसते शर्टाच्या बाह्या दुमडायचे. बाह्या दुमडून म्हणाले, "गणितात द्विरुक्ती टाळत नसतात. एकदा बाजू म्हटलं की शेवटपर्यंत बाजू. कंटाळा आला तरी."

जेवायला बसल्यावर त्यांनी ताटाकडं बघत विचारलं, "आज परत पिठलं?"

मी म्हटलं, "शेवटपर्यंत."

*

दिवाळीच्या आधी सरांच्या जागी वाघमारे सर आले. तरुण, हुशार, कॉम्प्युटरवर भराभर बोटं चालणारे. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मॅडम, सरांची साईट बघितली. लई भारी काम हाय. वर्तुळाचं मी लिहून देतो, दोन दिवसांचं तर काम. नाव सरांचंच राहू द्या."

मी म्हटलं, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, संक्रांतीनंतर. संक्रांतीला त्यांनी तिळगूळ दिला, विचारलं काही नाही.

गित्ते सरांना मात्र राहवलं नाही. मधल्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडे असताना, ते माझ्या टेबलाशी आले. या माणसाचा आवाज मैदानावरचा, पण त्या दिवशी त्यांनी तो खाली आणला होता.

"मॅडम, राग मानू नका. परीक्षा मार्चात हाय. आन् ती पोरांची हाय, सरांची न्हाई."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

त्यांनी माझ्या डब्याच्या झाकणात शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

*

आता शेवटचा किस्सा. फेब्रुवारीतला एक रविवार. मी कॅफेत पोचले तेव्हा आमच्या दहावीतली मंगल आधीच येऊन बसली होती. तिचे वडील मेंढरं राखतात. कळप भावाकडं सोपवून ते लेकीबरोबर आले होते. खांद्यावर घोंगडं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, तिच्यामागं उभे राहिले.

मंगलनं एकेक प्रकरण उघडून वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी वर्तुळावर आली. त्या पानावर धडा नाही. फावडं घेतलेला एक छोटा माणूस आहे, वाकून एकसारखा खणत असतो. पान तयार व्हायचं असलं की लोक असं चित्र टाकतात. सरांनी ते शेवटच्या रविवारी टाकलं होतं. पुढच्या रविवारी काढू, म्हणाले होते.

मंगल पान बंद करायला गेली, तर वडिलांनी तिला थांबवलं. पुढं वाकून त्यांनी त्या माणसाला बराच वेळ निरखलं.

"बाई, ह्यो कवापासून खांदतोय?"

मी म्हटलं, "ऑगस्टपासून."

"आन् पानी?"

"नाही लागलं."

"पानी बघणाऱ्या पानाड्याला जागा दावली व्हती का, का तसाच लागला खांदायला?"

मंगल लाजून गेली. "आबा, ते खरं न्हाई. तिथं वर्तुळ यायचंय."

"यिऊ दे की मग," ते म्हणाले. रफीकभाई काउंटरवरून उठून आमच्यामागं येऊन उभे राहिले होते. स्क्रीनवर फावडं वर जात होतं, खाली येत होतं.

मंगलच्या वडिलांनी घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "लई दिस झाले बाई. आता बसू द्या की त्याला जरा."

वर्तुळाचं प्रकरण अजून लिहून झालेलं नाही.