नोकरी न लागल्याची बर्फी

खराडीतल्या त्या कंपनीत माझी मुलाखत इतकी छान झाली की, खाली येताना लिफ्टमधल्या एका अनोळखी माणसाला मी "चला, भेटू" म्हणाले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा बेताने सांगायच्या. आधीच्या कंपनीने पुण्यातली आमची टीमच बंद केली, तेव्हापासून मी येरवड्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून अर्ज पाठवत होते. बहुतेकांचं उत्तरही यायचं नाही. त्यामुळे या मुलाखतीला मी जरा बिचकतच गेले होते.

समोर तिघं होते. त्यातले मॅनेजर सर पहिली काही मिनिटं गंभीर होते. मग त्यांनी विचारलं, "आजवर सापडलेला सगळ्यात मजेशीर बग कोणता?" मी सांगितलं, एका हॉस्पिटलचं ॲप होतं. पेशंटने शेवटचं बिल भरलं की स्क्रीनवर यायचं, 'पुन्हा अवश्य या!' मी तक्रार नोंदवली, तर ते ॲप लिहिणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, हा बग नाही, संस्कार आहेत."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुढे मुलाखत अशी राहिलीच नाही, गप्पाच झाल्या. त्यांनी मला टीम बसते ती जागा दाखवली. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "इथल्या मशीनची कॉफी घेऊ नका, खालच्या मजल्यावरची बरी असते," असंही सांगितलं. कधी जॉइन होऊ शकाल, ते विचारलं. आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं?

रिक्षातूनच मी भंडाऱ्याला घरी फोन लावला आणि सरांच्या चष्म्यासकट सगळं सांगितलं. "बाबा, जवळपास झालंच," मी म्हणाले. पोस्टातून रिटायर झालेल्या माझ्या बाबांना आयुष्यभर अर्धवट पत्ता वाचून पत्र बरोबर पोचवायची सवय. त्यांनी 'जवळपास' गाळलं आणि 'झालंच' तेवढं पोचवलं. रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर त्यांनी माईक हातात घेतला आणि लेकीला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून जाहीर करून टाकलं. हे मला कळलं तोवर आईबाबांची पुण्याची तिकिटंही काढून झाली होती.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण काकूंना मी जिन्यातच बातमी दिली होती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"पत्र आलं का हातात?"

"नाही अजून. येईल."

"मग सध्या अर्धंच अभिनंदन," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

ज्या संध्याकाळी आईबाबा ट्रॅव्हल्समध्ये बसले, त्याच संध्याकाळी कंपनीची मेल आली. आपल्याशी बोलून आनंद झाला, आपला अनुभव प्रभावी आहे, परंतु. त्या 'परंतु'पुढचं मी वाचलं नाही, वाचायची गरजच नव्हती. तेवढ्यात आईचा फोन. "बसलो वो आम्ही. बाजूची बाई अमरावतीची हाय. तिले सांगतलं तुह्या नोकरीचं. लय खूश झाली." आता त्या अमरावतीच्या बाईचा आनंद तरी मी कशाला घालवू? मी म्हणाले, "बरं, नीट या."

काकूंना मात्र सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. "बरं झालं, अर्धंच केलं होतं," म्हणाल्या. मग दार पूर्ण उघडलं. "पिठलं टाकलंय. बसा जेवायला. रडायचं असेल तर आधी रडून घ्या, गार पिठलं चांगलं लागत नाही." मी रडले नाही. दोनदा वाढून घेतलं.

सकाळी खराडी बायपासला त्यांना घ्यायला गेले. येरवड्यापर्यंत या म्हटलं होतं, पण बाबा ठरवून अलीकडे उतरले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात बर्फीचे डबे घेऊन. "आधी ऑफिस दाखव," म्हणाले. "बाहेरूनच पाहू. मग घरी."

मी प्रवासाचं, चहाचं, आईच्या गुडघ्यांचं निमित्त काढून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. रिक्षा त्या काचेच्या इमारतीसमोर उभी राहिली. बाबा मान वर करून मजले बघायला लागले. मग शर्ट नीट करून फाटकाच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "इथूनच काढ फोटो. मागे नाव आलं पाहिजे."

मी फोन वर केला आणि पुन्हा खाली घेतला. "बाबा," मी म्हणाले, "नाही झालं ते. काल मेल आली. तुम्ही बसमध्ये होता, म्हणून सांगितलं नाही."

बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळत होते. बोलली ती आई.

"पण तो सायेब हसला होता ना?"

"हो."

"चष्मा पुसेपरेंत हसला होता?"

"हो गं."

"मंग?" आई कमरेवर हात ठेवून त्या सगळ्या मजल्यांकडे बघत म्हणाली, "नोकरी द्याची नव्हती, त हसला कायले तो?"

इतक्या मोठ्याने म्हणाली की ओळखपत्रं गळ्यात अडकवून आत जाणारी दोघं-तिघं वळून बघायला लागली. मला हसू फुटलं. आधी जरासं, मग आवरेचना. मी फुटपाथवर बसूनच हसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते नक्की कशाचं होतं हे माझं मला ठाऊक. आई आधी रागावली, मग तीही हसायला लागली. बाबा तेवढे तसेच पोजमध्ये उभे.

"मग फोटो काढायचा नाही का?" त्यांनी विचारलं.

"काढा ना," आई म्हणाली. "रस्ता काय त्याहीचा हाय?"

तो फोटो माझ्याकडे आहे. कंपनीचं नाव नेमकं आईच्या डोक्यामागे गेलंय.

घरी पोचल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं, तर विहाराच्या सचिवांना फोन. "रविवारच्या घोषणेत दुरुस्ती आहे," म्हणाले. "हाव, माईकवरूनच सांगजा. चूक माईकवरून केली ना."

मला वाटलं, आता तोंड लपवायची पाळी. झालं उलटंच. दुरुस्ती जाहीर झाली आणि गावाकडून फोन सुरू झाले. रिटायर्ड हेडमास्तर म्हणाले, मास्तर व्हायच्या आधी त्यांना त्यांच्याच शाळेने शिपायाच्या मुलाखतीत नापास केलं होतं. हे त्यांनी म्हणे घरातही कधी सांगितलं नव्हतं. महिला मंडळातल्या मावशींनी अंगणवाडीच्या मुलाखतीत सगळी गाणी म्हणून दाखवली, टाळ्या घेतल्या आणि जागा गेली सरपंचाच्या वहिनीला. "गाणं मात्र ते माहंच म्हणते अजून," मावशी म्हणाल्या. आई फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसायची आणि मधेच विचारायची, "तुमचा सायेब हसला होता का?"

बर्फी होती ऑफिसातल्या लोकांसाठी. ती सगळ्या इमारतीत वाटली. काकूंनी तुकडा तोंडात टाकला. "नोकरी न लागल्याची बर्फी पहिल्यांदाच खातेय," म्हणाल्या. "चांगली आहे. अजून द्या."

मधल्या एका दुपारी मी धीर करून कंपनीच्या एचआरमधल्या मुलीला फोन केला आणि माझं काय चुकलं ते विचारलं. ती बिचारी खरं बोलली. "काहीच नाही हो. सरांना तुम्ही आवडला होतात. ती जागा आतल्याच एकाला दिली." खरं तर मला एखादी चूक हवी होती. चूक मिळाली की ती दुरुस्त करता येते, माझा धंदाच तो आहे. इथे काहीच नव्हतं. एक दिवस ते टोचत राहिलं. मग आईबाबांना सिंहगडावर न्यायचं ठरलं, आईने निम्म्या वाटेत दही खायला बसकण मारली आणि त्या गडबडीत टोचायचं थांबलं.

ते दोघे परत गेल्यावर मी आणखी मुलाखती दिल्या. त्यातली एक अगदी कोरडी होती. ऑनलाइन, समोर एकटा माणूस, कॅमेरा बंद. त्याने प्रश्न विचारावा, मी उत्तर द्यावं, त्याने "ओके" म्हणावं. संस्कारांचा किस्सा सांगितला, तर त्यावरही "ओके". मी लॅपटॉप बंद केला आणि कपडे वाळत घालायला गेले. नोकरी लागली ती तिथे.

छोटी कंपनी आहे, येरवड्यातच, चालत जाण्यासारखी. तो "ओके"वाला माणूस माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतो. पहिले काही दिवस आम्ही फक्त मान हलवायचो. मग एकदा मला त्याच्या कामातला एक बग सापडला, चांगलाच अडचणीचा. कसं सांगावं याचा मी विचार करत होते, तोवर तो स्वतःच खुर्ची ओढून शेजारी आला.

"दाखवा," म्हणाला.

दाखवला. त्याने वाचलं, कान खाजवला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." जाता जाता थांबला. "जेवायला एकट्याच बसता. आमच्यात येत जा. मी बोलत नाही फार, पण भाजी रोज वेगळी असते."

त्या दिवशी शेवग्याच्या शेंगा होत्या.