खाऱ्या वाळूतलं अंगण

चेन्नईच्या उत्तर टोकाला, एर्णावूरला मी भाड्याने राहायला गेले ते २०१५ साली. बँकेची बदली, ओळखीचं कुणी नाही, त्यात घरमालक मराठी निघाले म्हणून वरचा मजला लगेच घेतला. घर प्रशस्त होतं. पुढेमागे भरपूर मोकळी जागा, पण तिच्यात हिरवं पान म्हणून नव्हतं. होती ती नुसती वाळू, बांधकामातून उरलेले विटांचे तुकडे आणि दगड होऊन पडलेली सिमेंटची पोती. समुद्र दोन गल्ल्यांवर. त्याचा खारा, चिकट वारा दिवसभर अंगणातून फिरायचा आणि खिडक्यांचे गज खायचा.

घरमालकीण अलकनंदा बोरवणकर, माझ्या अलकाताई. मूळच्या वाईच्या. रेल्वेच्या ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. त्यांचे यजमान गिरिधरराव गुम्मिडिपूंडीच्या एका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. रोज सकाळी उत्तरेकडे जाणारी गाडी पकडायचे, ते दिवेलागणीला परत.

अलकाताईंना बाग हवी होती आणि ती माहेरच्यासारखी हवी होती. वाईहून येताना त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून गुलाबाच्या फांद्या आणायच्या. शेवंती आणायच्या, डेलियाचे कंद आणायच्या. लाल मातीची पोती विकत घ्यायच्या. जून लागला की त्यांना राहवायचंच नाही. तिकडे पेरण्या, मग इकडे लावणी. पण चेन्नईचा जून म्हणजे तापलेला तवा. महिन्याभरात पानांच्या कडा कुणी काडी लावल्यासारख्या करपायच्या. बोअरचं पाणी खारं, त्यामुळे कुंड्यांवर पांढरा थर चढायचा.

"अगं, ही जमीन नाही, समुद्राचा तळ आहे," गिरिधरराव म्हणायचे. "फरशी घालून टाकू. निदान गाडी तरी नीट उभी राहील."

 अलकाताई वाळलेलं रोप मुळासकट उपसून त्याच्याकडे बघत बसायच्या.

२०१६च्या डिसेंबरात चक्रीवादळ आलं. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तिघं खालच्या मधल्या खोलीत बसून होतो. बाहेर काय मोडतंय, काय उडतंय, कळत नव्हतं. वारा थांबल्यावर दार उघडलं तर पूर्वेकडची कुंपणाची भिंत आडवी झालेली आणि अंगणात गुडघाभर नवी वाळू. तिच्यात शंख, जाळ्यांचे तुकडे, तुटक्या वेली. रस्त्यावरचे मोठमोठे वृक्ष उलथे पडले होते. उरल्यासुरल्या कुंड्या तर सापडल्याच नाहीत.

"संपलं," अलकाताई म्हणाल्या. "आता घाला फरशी."

पण भिंतीचा गवंडी मिळायलाच फेब्रुवारी उजाडला, फरशीवाला तर त्याहून दूर. तेवढ्यात त्या वाळूत एक वेल उठली. कुणी लावली नव्हती. जाड, दोन भागांत चिरलेली पानं. रोज पुढे सरकायची आणि पेरापेरातून खाली मुळं सोडायची. एका सकाळी तिच्यावर जांभळी फुलं उघडली, मोठी, पेल्यासारखी. मी वेंगुर्ल्याची, पाहताक्षणी ओळखली.

"ताई, ही मर्यादवेल! आमच्याकडे किनाऱ्यावर असते."

"पण ही इथे जगते कशी? मी पाणीसुद्धा घातलं नाही."

शेजारच्या विद्यालक्ष्मी अम्मा पडलेल्या भिंतीवरूनच आत आल्या. तंजावरचं जुनं मराठी घराणं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखातलं. त्यांची मराठी ऐकताना जुनी पोथी कुणी वाचून दाखवतंय असं वाटायचं. अलकाताई वाळू भरायला फावडं घेऊन उभ्या होत्या, ते पाहून अम्मा घाईने म्हणाल्या, "अय्यो, काढूं नको मा! अडप्पंकोडी ती. समुद्रानें धाडली. वाळू धरून ठेवते, पाहा."

अलकाताईंनी वाकून वेल उचलायचा प्रयत्न केला. उचलली जाईना. जिथे वेल होती तिथली वाळू जागची हलत नव्हती, बाकीची वाऱ्याबरोबर भुरभुरत होती. त्या खाली बसल्या, पानं बाजूला करून बघितलं. आत सावली होती, आणि सावलीत ओल. भर उन्हात ओल! त्यांनी बोटं आत खुपसली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

त्या दिवसापासून वाईहून रोपं येणं बंद झालं. संध्याकाळी त्या किनाऱ्याने, ओसाड प्लॉटांमधून, रेल्वे रुळांच्या कडेने हिंडू लागल्या. मीही जायचे. "पाणी न मागता कोण उभं आहे ते बघायचं," त्या म्हणायच्या. निरगुडी उभी होती. पिवळाधमक तरवड उभा होता. करंज, भेंडीचं (भाजीचं नव्हे, किनाऱ्यावरचं) झाड, शेवगा. सगळ्यांची नावं आम्हाला मराठीतून ठाऊक, आणि अम्मा तमिळमधून सांगायच्या: नोच्ची, आवारम, पुंगम. आपल्याच माणसांचं दुसरं नाव कळावं तसं वाटायचं.

लावणी त्यांनी जूनमधून काढून दसऱ्यानंतर नेली, इथला खरा पाऊस तेव्हा येतो म्हणून. समुद्राच्या बाजूला निरगुडीची दाट रांग लावली, म्हणजे खारा वारा आधी तिच्या अंगावर यावा. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीने मागच्या जुन्या उथळ विहिरीत सोडलं. तिचं पाणी तोंडात धरवत नसे, म्हणून ती झाकूनच ठेवलेली होती. पडलेला पाचोळा झाडून टाकायचं त्यांनी थांबवलं, त्यावरून मात्र अम्मांशी खटका उडाला.

"घरापुढें केर ठेवतात कां कोणी? कोलम कोठें घालशील?"

"दारापुढची जागा तुमची, अम्मा. बाकीची झाडांची."

अम्मा हसल्या आणि रोज दारापुढे स्वतःच रांगोळी घालू लागल्या.

२०१९चा उन्हाळा आला आणि सगळं शहर कोरडं पडलं. गल्लीत टँकर आला की घागरींची रांग लागायची. अशा एका दुपारी अलकाताईंनी विहिरीवरचं झाकण सरकवलं, पोहरा सोडला आणि मला हाक मारली. "चाखून बघ."

मी घाबरतच ओंजळ तोंडाला लावली. गोड नव्हतं ते, पण खारंही नव्हतं. पाण्यासारखं पाणी होतं.

संध्याकाळी गिरिधररावांनी चाखलं, पुन्हा चाखलं. "गोडं पाणी हलकं, खाऱ्यावर तरंगून राहतं," ते हळू आवाजात म्हणाले. "शिकलो होतो हे. आपल्या मागच्या दारी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." मग ते चपला काढून पाचोळ्यात उतरले. त्यानंतर मी त्यांना चपला घालून बागेत जाताना पाहिलं नाही.

मग झाडं झपाट्याने वाढली. उंडीचं झाड तर वटवाघळांनी लावलं. त्यांनी टाकलेल्या फळातून ते आपणहून उगवलं. मुंगूस आलं, खंड्या आला. गेल्या वर्षी एका कोपऱ्यात खुळखुळ्याचं झुडूप माजलं. वाऱ्यावर त्याच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळतात. तमिळमध्येही त्याला आवाजावरूनच नाव आहे, गिलुगिलुप्पै.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी अलकाताईंची दबकी हाक आली, "नीलम, आवाज न करता खाली ये."

खाली आले तर गिरिधरराव हातात कॉफीचा पेला घेऊन पायरीवर थबकलेले. खुळखुळ्याची एकही काडी दिसत नव्हती. काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे असलेली फुलपाखरं तिला लगडली होती, शेकड्यांनी, एकमेकांना खेटून. झाड जणू श्वास घेत होतं. वाऱ्याची झुळूक आली आणि सगळे पंख एकदम उघडले. खालच्या शेंगा वाजल्या. मला आपोआप हात जोडावेसे वाटले.

विद्यालक्ष्मी अम्मा काठी टेकत आल्या आणि फाटकातच थांबल्या. "पावसाआधीं जातात हीं," त्या कुजबुजल्या. "लहानपणीं पाहिलेलीं. मागुती दिसलींच नाहींत. मला वाटलें, मेलीं सगळीं."

"कुठे जातात?" अलकाताईंनी विचारलं.

"तिकडे, डोंगराकडे." अम्मांनी पश्चिमेकडे हात केला.

उन्हं चढली तशी ती उठू लागली. आधी एक, मग दहा-वीस, मग काळानिळा पट्टाच गच्चीवरून वळून गेला. आमच्या केसांना, खांद्यांना पंख लागत होते. अलकाताईंच्या पदरावर एक बसलं होतं. ते उडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. फाटकाबाहेर दूधवाला सायकल धरून उभा होता, त्यालाही घंटी वाजवायचं सुचलं नाही.