आत्याच्या कळपातली काजळी

हल्ली थंडीच्या दिवसांत आमच्या तळ्यावर शहरातली मंडळी येतात. गळ्यात दुर्बीण, हातात जाड पुस्तक. एखादा पक्षी दिसला की कुजबुजतात, भराभरा पानं उलटतात आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, "आजोबा, हा कोण ते माहीत आहे का तुम्हाला?" मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. बाबांनो, तुमचा जन्म व्हायच्या आधी याच बांधावर आम्ही तिघं एक पक्षी ओळखायला दबा धरून बसलो होतो, आणि आमच्यातल्या एकाच्या मांडीवर भरलेली बंदूक होती.

आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूचं. निजामाच्या राज्यात हे तळं जहागीरदाराच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. बदकं उतरली की पाहुणे बंदुका घेऊन यायचे आणि आमची माणसं गारठ्यात कमरेइतक्या पाण्यात शिरून पडलेली बदकं काढून द्यायची. पोलीस ॲक्शन झाली, जहागीर गेली, तळं गावाचं झालं. पुढं गावात पंचायत आली आणि तिनं ठराव केला की तळं राखीवच राहील, पण आता पाखरांसाठी. बंदूक कुणीच चालवायची नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची शिकार उचललेल्या गावाला हे सुचलं, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो.

तो ठराव मोडायला निघाली माझी सख्खी आत्या. ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि आमच्या घरची मेंढरं तिनं आपल्या हातात घेतली. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. कळपातल्या प्रत्येक मेंढीचं तोंड तिला पाठ होतं आणि तोंडावरूनच ती नावं ठेवायची. एक भुरी, एक चांदी, एक वाकडकानी. अंधारात नुसता हात फिरवून ती सांगायची, ही कोण ते.

त्या थंडीत तळ्यावर एक नवीन पाखरू आलं. घारीपेक्षा मोठं, पोटाला पांढरं, पंख लांब आणि कोपरात मोडल्यासारखे. पलीकडच्या काठावर एक वाळका निंब होता, त्याच्या शेंड्यावर ते बसायचं. आणि त्याच आठवड्यात आत्याचं एक पांढरं कोकरू नाहीसं झालं. ते डालीखाली, म्हणजे पालथ्या मोठ्या टोपलीखाली, झाकलेलं होतं. डाल उलटी पडलेली आणि कोकरू गायब. आत्या हाका मारत तळ्याकडे धावली, तेव्हा ते पाखरू पायात काहीतरी पांढरं धरून तिच्या डोळ्यांसमोर उडालं.

ती तशीच पारावर आली. पंच बसलेले होते. तिनं कमरेच्या बटव्यातून भंडारा काढला, कपाळाला लावला आणि मूठ वर करून म्हणाली, "खंडोबाची आण हाय. मपलं कोकरू त्या पाखरानंच नेलंय. या डोळ्यांनी बघितलंय मी. त्याला गोळी घाला."

आमच्यात एकदा भंडारा उचलला की पुढं कुणी बोलत नाही. खोटी शपथ घेतली तर आख्खा कळप रोगानं जातो, असं सगळे मानतात. पंच पेचात पडले. ठराव मोडावा तर गावाचा शब्द जातो आणि न मोडावा तर भंडाऱ्याचा अपमान होतो. शेवटी ठरलं की आत्या, पाटील आणि मी, तिघांनी जाऊन पाखरू नीट पाहायचं. गावात परवान्याची बंदूक एकट्या पाटलांकडे होती. आत्यानं ओळख पटवून "मारा" म्हटलं, तर पाटलांनी मारायचं. एका पाखराचा जीव आणि गावाचा ठराव तिच्या एका शब्दावर येऊन थांबला. मला रात्रभर चैन पडली नाही, कारण आत्या आपला शब्द कधी मागं घेत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

उजाडायच्या वेळी आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो. पाखरू निंबावरून उठलं, पाण्यावर चकरा मारल्या, एका जागी पंख फडफडवत अधांतरी थांबलं आणि पाय पुढे करून दणकन पाण्यात पडलं. क्षणभर दिसेनासंच झालं. मग वर आलं, कुत्र्यासारखं अंग झाडलं आणि पायात पांढरं काहीतरी धरून सरळ आमच्याच दिशेनं निघालं.

"बघा, न्यायलंय बघा," आत्या म्हणाली. पाटलांनी बंदूक खांद्याला लावली.

"आत्या, पाण्यात कोकरू कुठलं?" मी म्हणालो.

पाखरू डोक्यावरून गेलं तेव्हा आत्याच्या गालावर पाण्याचे थेंब पडले. तिनं गाल पुसला, हाताचा वास घेतला आणि दुसऱ्या हातानं पाटलांच्या बंदुकीची नळी खाली दाबली.

"थांबा पाटील. त्याचं तोंड पुढं हाय. शेपूट हलायलंय. मासा हाय तो."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. आम्हाला घेऊन ती निंबाखाली गेली आणि बसून माती चाळू लागली. माशांची शेपटं, कल्ले, खवले. लोकरीचा एक धागा नाही. "मेंढरू काट्याजवळून गेलं तरी काट्याला लोकर राहती," ती म्हणाली. "यानं कोकरू खाल्लं असतं तर हितं पुंजके पडले असते." परत येताना डालीजवळच्या चिखलात तिनं लांडग्याच्या पावलाचा ठसा शोधून काढला. आधी तिनं तिथं पाहिलंच नव्हतं, वरच पाहत धावली होती.

आता खरी वेळ तिच्यावर आली. भंडारा उचलून बोललेलं सगळ्या गावासमोर मागं घ्यायचं. मी म्हणालो, मी सांगतो पंचांना. ती म्हणाली, "तू कामून सांगतो? मूठ मी वर केली होती."

पारावर ती ताठ उभी राहिली. "मी खोटं बोलले न्हाई. दिसलं तेच बोलले. पण मेंढरं राखणाऱ्याच्या डोळ्याला समदं मेंढरूच दिसतंय. पाखरू मासे खातंय, चोर लांडगा हाय. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका." मग तिनं पुन्हा भंडारा काढला आणि खंडोबाची क्षमा मागून तो स्वतःच्या कपाळावर ओढला. आमच्या लोकांत मोठमोठे शूर पाहिले मी, पण त्या सकाळी आत्याइतकं शूर कुणी दिसलं नाही.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात त्या पक्ष्याचं चित्र सापडलं. मोरघार, दूर उत्तरेकडून येणारा पाहुणा. पण आमच्या गावात त्याला नाव तोवर पडून गेलं होतं. डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली काळी रेघ पाहून आत्यानं ते ठेवलं होतं, काजळी.

पुढल्या थंडीत ते पाखरू पुन्हा निंबावर दिसलं. मी शहाणपणानं म्हणालो, "आत्या, हे दुसरं नसेल कशावरून?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "मास्तर, मपल्या कळपातलं तोंड मला वळखू येत न्हाई का?" मेंढरं चरायला सोडताना ती त्यांच्यावर भंडारा उधळायची. तिनं बटवा सोडला, चिमूटभर भंडारा तळ्याच्या दिशेनं उधळला आणि कळपाला हाक घातली.