उतरण्यास नकार देणारे कॅप्टन माडये

कॅप्टन माडये यांच्या गौरव-अंकाच्या मसुद्यात ‘त्यांचा शिष्य निखिल स्वतःच्या चुकीने गेला’ असे वाक्य आहे. ते वाचून मला हा लेख लिहिणे भाग पडले. समितीचे चिटणीस म्हणाले, “बाई, पंचाहत्तरीचो आनंदाचो कार्यक्रम आसा. मेलेल्याचा कित्याक काढतास?” काढले मी नाही, तुम्ही काढलेत. तेही खोटे.

छोट्या विमानांच्या एका कंपनीचे मालवणातले कार्यालय मी सांभाळत असे. कॅप्टन वसंत माडये तिथे पहिल्यांदा आले आणि फळ्याकडे बघून म्हणाले, “निघण्याची वेळ लिहा, बाई. उतरण्याची ढग ठरवतील.”

तारकर्लीच्या एका लग्नाचा नवरदेव ते घेऊन येत होते. सड्यावर, म्हणजे धावपट्टीच्या कातळी पठारावर, ढग उतरले होते, पट्टी दिसेना. कॅप्टननी विमान वर उचलले आणि सरळ गोव्याला उतरवले. नवरदेव मोटारीने पोहोचला, पण मुहूर्त टळून गेला होता; लग्न उशिरा लागले. त्याचे मामा कार्यालयात येऊन गरजले, “रिक्षावालो पावसात येता, नि तुमचो कॅप्टन ढगाक भियालो?”

“होय, भियालंय,” कॅप्टन म्हणाले. “म्हणान तुमचो भाचो बोहल्यार चढलो.”

मालकांनी त्यांची उड्डाणे काढून निखिलला दिली. पुढे अशाच ढगांत निखिल एकटा विमान घेऊन प्रवाशांना न्यायला येत होता. धावपट्टी दिसत नसल्याचे त्याने कळवले. परत जा म्हणायचे सोडून मालक माझ्यासमोर रेडिओवरून त्याला म्हणाले, “पार्टी खोळंबली आहे. खाली ये.” तो ढगाखाली आला आणि सड्याच्या कड्यावर आदळला. मी हे चौकशीत सांगितले. कॅप्टननीही तिथे मालकांच्या तोंडावर सांगितले, “पोरगा चुकला नाही, तुम्ही त्याला ढकललात.” तेच मालक आज या अंकाचे मोठे देणगीदार आहेत!

दर चतुर्थीला गणपतीच्या वरची रानफळा-फुलांची माटवी बांधायला कॅप्टन स्वतः निखिलच्या आईकडे जातात. त्या माउलीच्या हाती हा अंक पडणार आहे, याचा विचार कुणी केला?

कॅप्टनना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि शिकाऊ वैमानिकांना परत फिरायला शिकवणारा त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो.

हा लेख आज चिटणीसांच्या हाती देत आहे. कॅप्टनच्या खांद्यावर घालण्यासाठी समितीने माझ्याकडे सोपवलेली शालही सोबत परत करत आहे. ते वाक्य काढा, मग शाल घालायला मला बोलवा.