उसातली उघडझाप

मामांच्या फोटो स्टुडिओत मी कामाला लागले तेव्हा इथलं बोलणं मला निम्मं कळायचं नाही. सगळे नुसते भांडतायत असं वाटायचं. मामा म्हणजे स्टुडिओचे मालक. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते. मी भंडाऱ्याकडची. नवऱ्याला इथल्या फाउंड्रीत काम लागलं म्हणून आले. शाळा आठवीत सुटलेली. मामांनी पहिल्या दिवशी दोन फोटो पुढं टाकले आणि विचारलं, "एकच नवरी. हितं गोरी आन् हितं काळी का दिसतीया, सांग बघू."

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये तेच झालं होतं, म्हणून मला माहीत होतं. मी म्हटलं, मागच्या पांढऱ्या भिंतीमुळं. भिंतीनं कॅमेरा दिपतो आणि पुढचं सगळं काळं करून टाकतो.

"बस मग त्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर," मामा म्हणाले. दाखला कधी मागितला नाही. अजूनही कुणी फाईल घेऊन दारात आलं की वाटतं, माझाच दाखला बघायला आलं. मामांचं ऋण असं रोजच आठवतं.

मागच्या वर्षी लग्नं नसलेल्या दिवसांत कसबा बावड्याचा एक रोपवाटिकेवाला आला. उसाची रोपं विकायचा. त्यानं गोठ्याच्या खांबाला काचेची पेटी ठोकून आत जुना मोबाइल ठेवला होता. रोज सकाळी तो मोबाइल समोरच्या उसाचे आपोआप थोडे फोटो काढायचा. लागणीपासून तोडणीपर्यंतचे ते फोटो एकापाठोपाठ पळवून त्यानं फिल्म केली होती. टाइमलॅप्स म्हणतात त्याला.

"शेतकरी मेळाव्यात स्टॉल हाय माझा," तो म्हणाला. "मोठ्या टीव्हीवर लावायचं. ऊस डोळ्यांदेखत वाढतोय की, पर मधीच लुकलुकतंय. ट्यूब जायला आल्यागत. तेवढं काढा, ताई."

अशी लुकलुक काढणं तसं सोपं असतं. प्रत्येक फोटोला कॅमेरा आपल्या मनानं उजेड ठरवतो, म्हणून एक उजळ येतो, एक मंद. आपण चित्रात कधी न बदलणारी एक जागा धरायची आणि तिचा उजेड सगळ्या फोटोंत सारखा करायचा. बाकीचं चित्र तिच्या मागं येतं. मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीची चुन्याची भिंत धरली. ऊस कितीही वाढला तरी तिचा वरचा कोपरा दिसत राहायचा.

बरीचशी लुकलुक गेली. पण काही ठिकाणी उलटंच झालं. आधी जिथं अंधारी यायची, तिथं आता पांढरं काहीतरी चमकून जायला लागलं. माणूस म्हणावं तर नाही, कापड म्हणावं तर नाही. उसाच्या पुढून यायचं आणि नाहीसं व्हायचं. भर दुपार होती, मामा जेवायला गेले होते, बाहेर भंगारवाला ओरडत होता. तरी पंख्याखाली मला घाम फुटला. फिल्म थांबवून मी एकेक मूळ फोटो उघडत मागं गेले.

काचेपुढं एक म्हातारा उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, एका बटणाच्या जागी सेफ्टी पिन. हातात जुन्या निळ्या लुगड्याचा तुकडा. तो काच पुसत होता.

पुढं जिथं चमकलं होतं तिथंही तोच. ऊस गुडघ्याला आला तरी तोच, कमरेला आला तरी तोच. त्याचा पांढरा शर्ट काचेजवळ आला की मोबाइल दिपायचा आणि मागचा ऊस काळा करून टाकायचा. उरलेली लुकलुक म्हणजे हा माणूस होता. एका फोटोत तो वाकून थेट आत बघत होता. मोबाइल जागा आहे का झोपलाय, असं.

ऊस डोक्याच्या वर गेला आणि तो यायचा बंद झाला. तिथून पुढं लुकलुक अजिबात नव्हती. पण चित्र दिवसागणिक मळत गेलं. धूळ, कोळ्याचं जाळं, पावसाचे सुकलेले ओघळ. भिंतीचा कोपरा राखेसारखा झाला.

मामा परत आले. "काय गं, भूत बघितल्यागत बसलीयास?"

मी पडद्याकडं बोट केलं. मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"आयला, ह्यो तर त्येचा बा. अण्णा. गणपतीच्या आदी गेला की, झोपंतच." मग म्हणाले, "पोराला ठावं हाय का ह्ये?"

"नसावं. म्हणून तर काढा म्हणाले."

"मग काढ. ही फोटो उचल, शेजारची ताणून बसीव. गिऱ्हाईक केस कापायला आलंय. त्येच्या डोक्यात काय चाललंय त्ये न्हाव्यानं बघू नये."

मी तसं केलं. ऊस तेलाच्या धारेसारखा सरळ वर चढला. पण मला त्या जागा पाठ झाल्या होत्या. फिल्म लावली की नेमकं तिथं तिथं माझे डोळे आपोआप मिटायचे. घरी भाकरी टाकताना ट्यूब जरा कमी-जास्त झाली की मी दाराकडं बघायची. वाटायचं, कुणीतरी येऊन पुसून गेलं.

रविवारी मी माझ्या बाबांना व्हिडिओ कॉल लावते. ते फोन कानालाच लावतात. पडदा काळा होतो.

"बाबा, कानाले नका लावू. मले काहीच दिसून नाई रायलं."

"मंग आयकू कसा येईन वो?"

एक क्षण कपाळ आणि छपराचं टोक दिसतं, की परत काळोख. "जेवली का?" काळोखातून विचारतात. त्या रविवारी मी त्यांना फोन समोर धरायला सांगितलं नाही. पडदा काळा होता तोवर ते तिथं होते.

रोपवाटिकेवाला फिल्म न्यायला आला. लुकलुक गेलेली बघून खूश झाला. "एक नंबर! कंपनीवाल्यांच्या जाहिरातीगत झालंय की." मग शेवटचा मळका भाग आला. "हितं मात्र मोबाइलनं दगा दिला बघा."

"मोबाइल चांगला होता," माझ्या तोंडून गेलं. "काच मळली होती."

"आन् आदी कशी न्हाय मळली?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, गेलं काम. उद्यापासून येऊ नको म्हणतील. पण त्याचा प्रश्न तसाच पडून होता. मी सेफ्टी पिनवाला फोटो उघडला.

तो खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. मग पडद्यालाच म्हणाला, "सांगितलं हुतं. पेटीला हात लावू नका, अण्णा, सांगितलं हुतं."

"बा ऐकतोय व्हय कुणाचं?" मामा म्हणाले.

"म्हणायचे, मी कशाला शिवतोय तुझ्या पेटीला!" तो हसला आणि बाहीनं नाक पुसलं. "आईचं लुगडं हाय त्ये." मग मला विचारलं, "ह्यांस्नी परत घातलं तर पळताना दिसत्याल?"

"दिसणार नाहीत. उजेड सारखा केला की ते पांढरे फटक होतात. आहेत तसे ठेवले तर ऊस काळा पडतो. नुसता डोळा मिटल्यासारखं होईल, आणि लोकांना लुकलुक दिसेल."

"धंद्याचा स्टॉल हाय, ताई," म्हणाला आणि काहीच न सांगता उठून गेला. मी मान खाली घालून बसले. मामांनी चहा मागवला आणि माझा कप माझ्याकडं सरकवला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ऱ्हाऊ दे अण्णांस्नी. पर शेवटचं मळकट तेवढं साफ करा."

अण्णांचे सगळे फोटो मी होते तसे परत बसवले. मग उरलेला भाग एकेक फोटो घेऊन पुसला. धूळ काढली, जाळं काढलं, ओघळ काढले. भिंतीचा कोपरा परत चुन्याचा झाला. ह्या कामाचं कुणाला कौतुक सांगावं असं काही नव्हतं, पण तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

मेळाव्याला मी मुद्दाम गेले. स्टॉलवर टीव्ही चालू होता. एक जण त्याला म्हणाला, "पावणं, टीव्ही गेला तुमचा. डोळं मारतोय."

"जुना हाय," तो म्हणाला. "तुमी रोपं बघा."

टीव्हीपुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची आई बसली होती. माझी ओळख करून दिल्यावर तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"ह्यात कुठं हायती गं?"

"आता येतील, आजी. आले. गेले."

"दिसलं न्हाईत की."

"लगेच जातात."

"व्हय, तसंच करायचे. च्या ठिवला की पिऊन गायब." ती पदर सावरून आणखी पुढं वाकली. ऊस वाढत होता, मधूनच अंधारी येत होती आणि दर वेळी ती माझा हात दाबत होती. मग ऊस डोक्याच्या वर गेला. बराच वेळ तिच्या हातात काही हललं नाही.

"आता?"

"आता नाही, आजी."

पुढचं चित्र स्वच्छ होतं. तुरे आले, तोडणी झाली, रान मोकळं झालं. मग फिल्म परत सुरू झाली आणि काळ्या सरीत बारीक रोपं दिसली.

तिनं माझा हात सोडला नव्हता. म्हणाली, "बस गं जरा. आता येत्याल."